चार सेंटिमीटरची दीपमाला

चाकणच्या त्या कंपनीच्या गेटवर दीपमाला ओव्हाळ कुठं भेटेल म्हणून विचारलंत, तर वॉचमन आधी डोकं खाजवील आणि मग म्हणेल, चार सेंटिमीटरवाली का? मग तसं सांगा की! आणि तुम्हाला थेट तीन नंबरच्या लाइनवर नेऊन सोडील.

त्या चार सेंटिमीटरची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला. या कंपनीत मोटारींच्या वायरिंगच्या जुड्या बनतात. दिव्याला, भोंग्याला, वायपरला, जिथं म्हणून वीज पोचवायची तिथं वायर जाते. त्या सगळ्या वायरी मापानं कापून एकत्र बांधल्या की जी जुडी होते, तिला हार्नेस म्हणतात. भिंतीएवढ्या फळ्यांवर खुंट्या ठोकलेल्या असतात आणि खुंटीखुंटीवरून वायर फिरवत बायका उभ्यानं ही जुडी बांधतात. दीपमाला चौदा वर्षं हेच काम करते. आता लाइन लीडर आहे. सहा वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं, की डॅशबोर्डमागची एक पिवळी वायर उगाच एका खुंटीला वळसा घालून जाते. तिनं ती खुंटी हलवायला लावली आणि दर गाडीमागं चार सेंटिमीटर वायर वाचली. चार सेंटिमीटर म्हणजे काय, बोटाची दोन पेरं. पण गाड्या निघतात हजारांनी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, नोटीस बोर्डावर फोटो लागला, आणि बक्षीस म्हणून पाच लिटरचा कुकर मिळाला.

कुकरची शिट्टी केव्हाच गेली, पण बाईंच्या डोक्यात जे शिरलं ते काही निघालं नाही. जास्तीची लांबी दिसली की तिच्या हातांना कंड सुटतो. घरातल्या पडद्याच्या दोऱ्या तिनं छाटल्या. नवऱ्याच्या पायजम्याची नाडी अशी बेतून कापली, की पहिल्याच धुण्यात टोक आत गेलं आणि तो बिचारा पहाटे शिफ्टला निघायच्या घाईत सेफ्टी पिन घेऊन नाडी ओवत बसला. नवरा म्हणजे भीमराज. चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. गाईसारखा गरीब माणूस, तो काही बोलला नाही. बोलली ती सासू. सरूबाई म्हणाली, की उद्या हिला माझी जीभ लांब वाटली तर तीही कापायला ही कमी करायची नाही.

सासू-सुनेचं असं आहे, की दिवसातून दोनदा वाजल्याशिवाय दोघींनाही अन्न गोड लागत नाही. पण दापोडीच्या त्या गल्लीत सुनेविषयी कुणी एक शब्द वावगा बोलून बघावा. सरूबाई त्याची सात पिढ्यांची उजळणी करील. दीपमालाला एकोणिसाव्या वर्षी डायबेटिस झाला. उतारवयात होतो तो नव्हे. ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं आणि रोज बाहेरून टोचून घ्यावं लागतं, तो. दिवसाला चार इंजेक्शनं. लग्नाआधी तिच्या बापानं हे काहीही न लपवता सांगितलं, आणि स्थळ गेलंच असं धरून तो चपला शोधायला लागला. तेव्हा सरूबाई म्हणाली होती, "सुईच टोचती ना? तोंडानं तर टोचत न्हाई? मग ठरलं." दीपमाला सासूला आत्या म्हणते, आणि हे वाक्य ती आजही कुणालाही सांगते.

आता लेझमीकडं येऊ. त्यांच्या गल्लीतल्या बायकांचं लेझीम पथक दर चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं असतं. तीस बायका, पांढऱ्या साड्या, निळे फेटे, सोबत दोन हलग्या आणि एक ढोल. पथकात सगळ्यांच्या पुढं जी एकटी उभी राहते तिच्या पायांकडं बघून बाकीच्या पाऊल टाकतात. ही जागा बावीस वर्षं सरूबाईची होती. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिनं आपली लेझीम सुनेच्या हातात दिली. लाकडी दांडी हाताच्या घामानं काळी पडलेली, साखळीतल्या चकत्या झिजून पातळ झालेल्या. त्या दिवसापासून दीपमालाचं वर्ष चौदा एप्रिलला सुरू होतं आणि चौदा एप्रिललाच संपतं. कंपनीत ती कुणाची तरी लीडर, घरात कुणाची सून, दवाखान्यात कुणाचा तरी केसपेपर. हलगीपुढं मात्र ती फक्त दीपमाला असते, आणि तिला ते फार फार आवडतं.

गेल्या वर्षी त्याच जागेवर ती पडली. मिरवणूक निघणार होती चारला. तिनं त्या हिशेबानं इंजेक्शन घेतलं, आणि मिरवणूक निघाली साडेसहाला. मधे खायचं राहून गेलं. घाम फुटला, पण एप्रिलमध्ये घाम कुणाला फुटत नाही? हात थरथरले, तेव्हा तिला वाटलं लेझीमच रंगात आलीय. चौकातल्या रसवंतीसमोर डोळ्यांपुढं अंधारी आली. कडेनं चालणाऱ्या सरूबाईनं झेप घेतली म्हणून डोकं दगडावर आपटलं नाही. रसवंतीवाल्यानं उसाच्या रसाचा ग्लास तोंडाला लावला आणि दहा मिनिटांत ती उठून बसली, हसलीसुद्धा.

सरूबाई मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या कनवटीला कागदात बांधलेली साखरेची पुडी आली. भाजीला जाताना, नळावर, अगदी कुणाच्या मयतालाही ती पुडी तिच्या कमरेला. आणि तिनं सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी पुढं अंजली उभी राहील. अंजली शेजारच्या चाळीतली, बँकेत कामाला, पाय हलके. पथकात सरूबाईचा शब्द शेवटचा.

मग डॉक्टरांनी इन्सुलिन पंप सुचवला. तो कसा आला ही पैशांची गोष्ट आहे, आणि पैशांच्या गोष्टी सांगायचा मला कंटाळा आहे. आला एवढं समजा. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र. ते कमरेला लावायचं. त्यातून एक बारीक नळी निघते, नळीच्या टोकाला कातडीखाली जाणारा छोटासा तुकडा, आणि दिवसभर थेंबथेंब इन्सुलिन अंगात जात राहतं. खेळताना त्याला मंद करता येतं, म्हणजे मिरवणूक उशिरा निघाली तरी गेल्या वर्षासारखं होऊ नये. दीपमालाच्या डोळ्यांपुढं ताबडतोब चौदा एप्रिल उभा राहिला. तिनं सासूला गळ घातली. सरूबाईनं दोन दिवस विचार केला आणि अट घातली: सरावात एकदाही काही झालं नाही तर पुढची जागा तुझी, एकदा जरी झालं तर अंजलीची. दीपमालानं डोळे झाकून कबूल केलं.

पंपाबरोबर ती नळी आणि तो तुकडा, म्हणजे इन्फ्युजन सेट, निवडायचा होता. चिंचवडच्या दवाखान्यात वर्षाली नावाची मुलगी हे शिकवते. तिनं टेबलावर सगळे सेट मांडले. कातडीखाली जाणारा तुकडा मऊ प्लास्टिकचा हवा की बारीक पोलादी सुईचा. सरळ घुसणारा की तिरपा. आणि नळी हातभर, दीड हात की त्याहून लांब. मग ती विचारत बसली. कुठल्या कुशीवर झोपता? कामावर उभ्या असता की बसून? साडी की ड्रेस? उकिडवं बसायला लागतं का?

दीपमालाला हे सगळं पाल्हाळ वाटलं. लेझमीचं तिनं सांगितलं, पण ओझरतं. तिचा हात कधीच सगळ्यांत आखूड नळीवर जाऊन पडला होता. हातभर नळी, सरळ घुसणारा तुकडा, पोटावर बेंबीच्या बाजूला. अंतर कमी, वळसा नाही, लोंबकळणं नाही. वर्षाली म्हणाली, की खेळताना ही ताणली जाईल, थोडी लांब घेऊन बघा. त्यावर दीपमाला हसली आणि म्हणाली, की चौदा वर्षं मी वायरीच ओवतेय, ताई.

वर्षालीनं वाद घातला नाही. आखूड नळीचं खोकं तिला दिलं आणि लांब नळीचे, तिरप्या तुकड्याचे दोन सेट पिशवीत वर टाकले. एवढंच म्हणाली, "पंप एकदाच घ्यायचा असतो. हा मात्र दर तीन दिवसांनी नवा घालायचाय. तेव्हा आज निवडलं म्हणजे संपलं असं नाही. चुकलं तर बदलायचं, त्यात कमीपणा नाही." दीपमालानं मान हलवली आणि ते दोन सेट घरी कपाटात, कुकरच्या मोडक्या शिट्टीशेजारी ठेवून दिले.

पहिले काही आठवडे दृष्ट लागण्यासारखे गेले. लाइनवर ती उभी असते, नळी जागची हलत नाही. भीमराजनं सीटच्या जाड दोऱ्यानं परकराला आतून खिसा शिवून दिला, त्यात पंप. शुगर अशी वागायला लागली, की वहीत आकडे लिहिताना तिला स्वतःचाच संशय यायचा. गल्लीत भेटेल त्या बाईला ती पदर सरकवून नळी दाखवायची आणि सांगायची, बघा, एक बोटभर वायर फुकट नाही.

मार्चच्या मध्याला शाळेच्या मैदानावर सराव सुरू झाला. तिसऱ्या संध्याकाळी बैठकीची चाल होती. खाली पूर्ण बसायचं, लेझीम पायाशी न्यायची, आणि गिरकी घेत ताडकन उठायचं. दीपमालाला ही चाल फार आवडते. ती बसली, उठली, पुन्हा बसली. पोटाशी कुठंतरी मुंगी चावल्यासारखं झालं, पण हलगी चढलेली असताना मुंगीकडं कोण बघतंय. तास-दीड तास ती देहभान विसरून खेळली.

घरी आली ती तांब्याभर पाणी एका दमात प्याली. मग दुसरा तांब्या. मग टॉवेल दोरीवर का टाकला नाही म्हणून भीमराजवर अशी तुटून पडली, की तो टॉवेल हातात घेऊन बघतच राहिला. असं ती शुगर चढल्यावरच बोलते, हे त्याला लग्नापासून ठाऊक आहे. त्यानं मुकाट्यानं मशीन आणलं आणि तिचं बोट पुढं करायला लावलं. तीनशे चौऱ्याहत्तर. पदर सरकवला तर पोटावरची चिकटपट्टी अर्धी सुटलेली, तुकडा बाहेर, आणि एवढा वेळ इन्सुलिन परकराला पाजलेलं.

तिनं शिकवल्याप्रमाणं आधी इंजेक्शन घेतलं, मग नवा सेट घातला, आणि जेवणवेळेपर्यंत शुगर खाली यायला लागली. धोका टळला. पण अट मोडली होती. सरूबाई रागावली असती तर बरं झालं असतं; ती रागावलीच नाही. हळूच म्हणाली, की लेझीम खुंटीला टांग. दीपमाला मोरीत गेली, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडली.

पण सुंभ जळला तरी पीळ जातोय कुठं. पुढचे आठ दिवस तिनं सगळ्यांना दोष देऊन पाहिला. घामाला दिला, चिकटपट्टीला दिला, परकराच्या कापडाला दिला, मार्चच्या उन्हाला दिला. नळी आखूड होती हे एवढं सोडून बाकी सगळं तिला सुचलं.

आणि मग एका सकाळी लाइनवर ज्ञानेश आला. हा कंपनीतला इंजिनिअर, मोठा उत्साही. हातात कागद, चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखा आनंद. गाडीच्या दारात जी जुडी जाते, तिची लांबी कमी करता येईल असं त्यानं काढलं होतं. दार बंद असताना तिथं वायर चक्क झोळीसारखी सैल पडते, मॅडम. पाच सेंटिमीटर सहज वाचेल. आणि ही कल्पना तुमच्या त्या चार सेंटिमीटरवरूनच सुचली, असंही त्यानं आदरानं सांगितलं.

दीपमालानं कागद बघितलासुद्धा नाही. "दार बंद असताना मोजलंस होय?" ती म्हणाली. "अरे, डॅशबोर्ड जागचा हलत नाही, तिथं लांबी वाचवली. दार दिवसातून पन्नासदा उघडतं. हलणाऱ्याला ढील द्यावी लागते बाबा, नाहीतर तुटतं." ज्ञानेश मान डोलावून कागदाची घडी करायला लागला. पण दीपमाला तशीच उभी राहिली. तिचा हात आपोआप पोटावर गेला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय म्हणणार? चौदा वर्षं दाराला ढील देणाऱ्या बाईनं स्वतःच्या अंगाला डॅशबोर्ड समजून वायर घातली होती. तिला आधी लाज वाटली, आणि मग इतकं हसू आलं, की ज्ञानेशला वाटलं आपल्या कागदातच काहीतरी भयंकर चुकलंय.

संध्याकाळी कंपनीच्या बसनं ती घरी आली. सरूबाई भाकऱ्या थापत होती. दीपमाला तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आत्या, चूक माझी होती. नळी मीच आखूड घेतली. वर्षालीनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

सरूबाईचा हात परातीतच थांबला. अठरा वर्षांत या सुनेच्या तोंडून 'चूक माझी' हे दोन शब्द तिनं ऐकले नव्हते. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा कुठं ती भानावर आली, आणि पुढं काय करायचं म्हणतीस, एवढंच विचारलं.

दीपमालानं कंपनीत नवी जुडी आखताना करतात तेच करायचं ठरवलं. तिथं आधी खरी वायर कापत नाहीत. सुतळी लावून बघतात, कुठं ताण येतो, कुठं चिमटतं, आणि मगच माप ठरवतात. रविवारी सकाळी तिनं भीमराजला ओट्यावर बसवलं आणि कुणालाही आत सोडायचं नाही असं बजावलं. दार लावून घेतलं. टिकल्यांचं पाकीट काढलं आणि अंगावर जिथं जिथं सेट घालता येतो असं वर्षालीनं सांगितलं होतं, तिथं एकेक टिकली चिकटवली. पोटावर दोन, मांडीवर एक, दंडावर एक, कमरेच्या मागं दोन. टिकलीपासून परकराच्या खिशापर्यंत सुतळी, हातभर, दीड हात, दोन हात, चिकटपट्टीनं लावलेली. लेझीम खुंटीवरून खाली आली.

सरूबाई खाटेवर बसून चाली सांगत होती आणि कुठली सुतळी सुटली ते बघत होती. आठ आवाजांच्या चालीत पोटावरची टिकली तगली, बैठकीत गेली. दंडावरची पहिल्याच हातवाऱ्यात गेली. मांडीवरची उठताना. आखूड सुतळ्या तर एकजात सगळ्या गेल्या, आणि दर वेळी सरूबाई समाधानानं म्हणायची, ही बी गेली. पण मधेच तिला राहवेना. बैठकीत दीपमालाची डावी टाच जरा वर राहत होती. आगं तसं न्हवं, म्हणत म्हातारी उठली, पदर खोचला, सुनेच्या हातातली लेझीम घेतली, आणि दुखरे गुडघे घेऊन अर्धी बैठक मारून दाखवली. मग दुसरी. मग दीपमालानं लाटणं आणि ताट घेतलं आणि दोघी मिळून खेळायला लागल्या. बाहेर ओट्यावर भीमराजनं छन् छन् ऐकलं, धप् ऐकलं, आपल्या आईचं हसणं ऐकलं, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं या काळजीत तो पेपर उलटा धरून बसला.

दम खायला बसल्यावर सरूबाईनं विचारलं, "पाण्याची कळशी कडंवर घेतीस ती कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

"मग उजव्या अंगाला कमरंमागं घाल, नाडीच्या खाली. समदं अंग मोडतं, ती जागा मोडत न्हाई. मी बावीस वर्सं नाचलीया, मला ठावं हाय."

तिथंच टिकली लावली. दोन हातांची सुतळी, उजव्या कुल्ल्याच्या वरच्या बाजूच्या टिकलीपासून खिशापर्यंत, आणि टिकलीपासून वीतभर अंतरावर सुतळीचा एक सैल वेढा, त्यावर वेगळी चिकटपट्टी. हा वेढा दीपमालाच्या धंद्यातला. दाराच्या जुडीला असाच ठेवतात. हिसका बसला तर आधी वेढा सुटतो, जोडाला धक्का लागत नाही. सगळ्या चाली झाल्या. टिकली जागची हलली नाही.

सोमवारी तिनं वर्षालीला फोन करून सगळं सांगितलं, टिकल्यांसकट. वर्षाली आधी खूप वेळ हसली. मग म्हणाली, की जागा चांगली आहे, मऊ तिरपा तुकडा अंगानं बारीक असलेल्या बाईला बरा पडतो. फक्त दर वेळी जागा थोडी सरकवायची, आणि खेळताना अर्ध्या अर्ध्या तासानं शुगर बघायची. कपाटातले ते दोन सेट बाहेर आले, आणि संपल्यावर तसलेच नवे.

सरूबाईनं आणखी तीन सराव बघितले. तिसऱ्या सरावानंतर ती काही बोलायच्या आतच अंजली म्हणाली, की ताईंचे पाय समोर नसले तर मला पुढचं पाऊल आठवतच नाही, मला दुसऱ्या रांगेतच राहू द्या. सरूबाईनं हो म्हटलं. पण पुडी माझ्याजवळच राहील, असंही म्हणाली.

चौदा एप्रिलला मिरवणूक चारला निघणार होती, निघाली साडेपाचला. दीपमालानं पंपाला मंद चालायला सांगितलं, वर दोन बिस्किटं खाल्ली. हलगी कडाडली आणि ती पुढं झाली. निळा फेटा, पायांत बळ, आणि चेहरा असा, की बघणाऱ्यानं आपलं दुखणं विसरावं. भीमराज मशीन घेऊन कडेकडेनं चालत होता. थांबा आला की बोट, मशीन, आकडा. एकशे बेचाळीस. एकशे अठ्ठावीस. तो आकडा आईला सांगायचा, आणि सरूबाई कनवटीवर हात ठेवून पुढं चालू लागायची.

गेल्या वर्षीचा चौक आला, रसवंतीसकट. गिरकीची चाल होती. साडीचा घोळ सरकून नळीचा तो वेढा बाहेर डोकावत होता, आणि मागून अंजलीच्या लेझमीची साखळी बरोबर त्यात अडकली. चर्र करून हिसका बसला. वर्षभराची सगळी धडपड त्या एका आवाजात गेली असं दीपमालाला वाटलं. अंजली जागीच गोठली. कडेला सरूबाईनं पुडी बाहेर काढलीसुद्धा.

दीपमालानं हात मागं नेला. वेढ्यावरची चिकटपट्टी सुटली होती. तेवढीच सुटली होती. खालचा सेट जसा घातला तसा, घट्ट. तिनं नळी साखळीतून सोडवली, घोळात खोचली, आणि पुढचं पाऊल टाकलं. या सगळ्यात तिचा एक ठोका चुकला. तिचा चुकला म्हणून तीस बायकांचा चुकला, कारण सगळ्यांचे डोळे तिच्याच पायांवर होते. रस्त्याच्या कडेच्या लोकांना वाटलं ही काहीतरी नवी चाल आहे, आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग काय, पुढच्या चौकात पथकानं तो ठोका मुद्दाम चुकवला.

दिवेलागणीला पथक गल्लीत परत आलं. बायका ओट्यावर पाय पसरून बसल्या. भीमराजनं शेवटचा आकडा सांगितला, एकशे छत्तीस, आणि सरूबाई चहा ठेवायला आत गेली. दीपमाला तिच्या मागं गेली. सासूनं कनवटीची पुडी सोडली. वर्षभराच्या घामानं साखरेचा पिवळट खडा झाला होता. तिनं तो दीपमालाच्या कपात टाकला आणि चमच्यानं ढवळायला लागली.

एकोणिसाव्या वर्षापासून दीपमालानं गोड चहा घेतला नव्हता. एका कपासाठी आणखी एक सुई कोण टोचून घेणार, म्हणून तिनं जिभेलाच तशी सवय लावली होती. किती असेल, तिनं विचारलं. दोन चमचं बांधली व्हती, सरूबाई म्हणाली. दीपमालानं पंप खिशातून काढला, दोन चमच्यांचा हिशेब घातला, बटण दाबलं, आणि चहा प्याली. कप खाली ठेवला तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि ते तिनं पुसलेही नाहीत.

सरूबाई तोवर डब्यातून नवी साखर घेऊन नवी पुडी बांधत होती. हे दुखणं जायचं नाही आणि पुडीही सुटायची नाही, हे दोघींनाही माहीत आहे. गाठ मारून झाल्यावर दोऱ्याचं टोक चांगलं वीतभर लोंबत राहिलं. दीपमालाचा हात सवयीनं कात्रीकडं गेला.

"कापू नगं," सरूबाई म्हणाली. "राहू दे ढील. पुढच्या वर्साला मी बी हाय तुझ्या मागं, दुसऱ्या रांगंत."